द्वारकाबाईंचे चौतीस श्वास

“ह्या चौकटीत चौतीस कुणी लिहिलं?”

कागद वर धरून मी विचारलं खरं, पण उत्तर मला ठाऊक होतं. त्या सकाळी आयसीयूत आम्ही दोघी स्टाफ नर्स आणि एक स्टुडंट, एवढ्याच होतो. स्टाफच्या हातून असला आकडा पडणं शक्यच नव्हतं.

“मी लिहिलं, सिस्टर,” यमुना म्हणाली.

यमुना भोये आमच्याच हॉस्पिटलच्या नर्सिंग शाळेची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. सुरगाण्याच्या पुढच्या एका पाड्यावरची, आश्रमशाळेत शिकून नाशिकला आलेली. पंधरा दिवस ती माझ्या हाताखाली होती आणि तेवढ्या दिवसांत तिने मला पंधरा वाक्यंही ऐकवली नसतील. सांगितलेलं काम करायची आणि उरलेला वेळ माझ्याकडे बघत उभी राहायची. मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू, आपल्याकडे कुणीतरी असं टक लावून बघतंय हे कुणाला आवडत नाही?

आणि बघण्यासारखं माझ्यात होतंही. अकरा वर्षं मी आयसीयूत काढली होती. “खैरनार सिस्टर ड्यूटीवर असल्या की मी घरी निवांत जेवतो,” असं आमचे सर्जन डॉ. गुजराथी चारचौघांत म्हणायचे. ज्याची शीर कुणालाच सापडत नसे त्याची मला सापडायची. पेशंट दारातून आत येईपर्यंत मी मनात ठरवून टाकायचे, हा टिकणार की नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तसं. बहुतेक वेळा ते खरंही ठरायचं, आणि माणूस बिघडायला तेवढं पुरतं.

“श्वास चौतीस? द्वारकाबाईंचे?” मी म्हटलं. “अगं, बघ त्यांच्याकडे. आरामात पडल्यात. मिनिटाला चौतीस श्वास म्हणजे माणसाला धाप लागते, धाप!”

“मी मोजले, सिस्टर. पूर्ण मिनिट.”

द्वारकाबाई ढिकले ही पिंपळगावकडची अठ्ठावन्न वर्षांची बाई. आतड्याला पीळ पडला म्हणून तीन दिवसांपूर्वी डॉ. गुजराथींनी तिचं पोट उघडून आतड्याचा खराब तुकडा काढला होता आणि दोन टोकं जोडून टाके घातले होते. सगळं व्यवस्थित चाललं होतं. अकरा वाजता तिला आयसीयूतून खाली वॉर्डात हलवायचं ठरलं होतं. मॉनिटरवर रक्तदाब ठीक, ऑक्सिजन शहाण्णव, नाडी एकशेसहा. नाडी जरा जास्त होती, पण ऑपरेशननंतर तेवढी असते, असं मी म्हटलं. श्वास मात्र त्या काळच्या आमच्या मॉनिटरवर दिसत नसत. ते नर्सने छातीकडे बघून, घड्याळ लावून मोजायचे.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे श्वास कुणी मोजतच नसे. धडधाकट माणसाचे मिनिटाला बारा ते वीस श्वास होतात, आणि आजारी माणूस म्हणजे जरा पुढचा आकडा धरा. म्हणून सगळ्याजणी वीस लिहायच्या. कागदावर श्वासाची ओळ बघाल तर वीस, वीस, वीस, वीस, क्वचित कुणाला हौस आली तर बावीस. मला माझ्या सिस्टरने तसं शिकवलं होतं असंही नाही. ती वीस लिहायची, मी बघितलं, मी लिहू लागले. घरात आजी डाळीला कधी, कसली फोडणी देते हे कुणी शिकवतं का? ते तसंच येतं.

“यमुना,” मी आवाज खाली आणून म्हटलं, कारण माझा आवाज खाली आला की लोक जास्त घाबरायचे, “आठ वाजता किती होते?”

“वीस.”

“सातला?”

“वीस.”

“आणि नऊला एकदम चौतीस. बाई उड्या मारून आली का मधल्या वेळात?”

पलीकडच्या बेडजवळची आमची दुसरी स्टाफ फसकन हसली. यमुना हसली नाही. “पुन्हा मोजू का?” तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता मोजायला लागलीदेखील. मिनिटाने म्हणाली, “छत्तीस.”

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी द्वारकाबाईंच्या उशाशी गेले. “काय मावशी, कसं वाटतंय?”

“बरंय ना बाई,” ती म्हणाली. “घरला कधी सोडणार ते सांगा.”

“ऐकलंस?” मी यमुनाला म्हटलं. मग कागद घेतला, चौतीसवर एक आडवी रेघ मारली, वर वीस लिहिलं आणि शेजारी झोकात सही केली. यमुना बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. कोडं न सुटलेल्या मुलीसारखी ती कधी कागदाकडे, कधी द्वारकाबाईंच्या छातीकडे बघत होती.

दहा वाजता डॉ. गुजराथींचा राउंड आला. त्यांनी कागदावरून नजर फिरवली, पोटावरची पट्टी बघितली, “छान, वॉर्डात न्या,” म्हणाले आणि पुढच्या बेडकडे वळले. तेवढ्यात मागून आवाज आला.

“सर, ह्यांचे श्वास छत्तीस आहेत.”

राउंडमध्ये स्टुडंट बोलत नाही. स्टुडंट फाइल धरते. डॉ. गुजराथी मागे वळले, त्यांनी पुन्हा कागद बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

“सिस्टर, इथे वीस आहे.”

“वीसच आहे, सर,” मी म्हटलं.

“मग ही काय म्हणतेय?”

“नवीन आहे, सर. चुकलं तिचं.”

“चुकलं तर शिकवा. माझ्या राउंडमध्ये तमाशा नको,” ते म्हणाले आणि तिथूनच फोन उचलून त्यांनी मेट्रनकडे तक्रार घातली. खोटी नोंद आणि वर उद्धटपणा, असे शब्द माझ्या कानांवर पडले. यमुनाचा चेहरा पांढरा पडला. आयसीयूचं पोस्टिंग नापास झालं तर ते पुन्हा करावं लागतं, म्हणजे त्या वर्षीची परीक्षा हुकते, आणि तिला हॉस्टेलची जागा तीनच वर्षं मिळालेली होती. चौथ्या वर्षी राहणार कुठे? हे मला सगळं माहीत होतं. तरी मी तिला म्हटलं, “जा, आतल्या खोलीत जाऊन चादरींच्या घड्या घाल. पेशंटजवळ येऊ नकोस.”

अकराला ट्रॉली आली. द्वारकाबाईंना उचलून तिच्यावर घेतलं, सलाइनची बाटली दांडीला अडकवली. आता गेली की संपलं. पण माझा स्वभाव असा की जिंकून भागत नाही, समोरच्याने हरलो म्हणायला लागतं. मी चादरींच्या खोलीत डोकावले.

“इकडे ये. तुझ्यादेखत मोजते. पुन्हा आयुष्यात असं करणार नाहीस.”

ती आली. मी घड्याळाचा हात वर धरला. “तूही मोज. पण मनातल्या मनात.”

द्वारकाबाईंच्या अंगावरची चादर मी थोडी खाली केली आणि बघायला लागले. अकरा वर्षांत मी किती छात्यांवर दाब दिला असेन, किती नळ्या, किती सुया घातल्या असतील, पण नुसतं उभं राहून एका माणसाचं श्वास घेणं एक अख्खं मिनिट बघितलं नव्हतं. पहिल्या दहा सेकंदांतच सहा झाले. बाई बारीक बारीक श्वास घेत होती. एक संपायच्या आत दुसरा. वरवरचे, घाईघाईचे, पोटाला धक्का न लावता जपून घेतलेले. लांबून बघणाऱ्याला शांत झोपल्यासारखी वाटेल आणि जवळून बघणाऱ्याला कळेल की ही बाई नुसत्या श्वासामागे धावतेय. अर्ध्या मिनिटाला एकोणीस झाले. मिनिट संपलं तेव्हा मी अडतीसवर होते.

मी यमुनाकडे बघितलं. “अडतीस,” ती हळूच म्हणाली.

“ट्रॉली मागे घ्या,” मी वॉर्डबॉयला सांगितलं.

पुढचं मला येत होतं, आणि ते मी चोख केलं. बाईला बेडवर घेतलं, ऑक्सिजन वाढवला, दुसरी शीर पकडली, रक्त काढून पाठवलं, डॉ. गुजराथींना ओपीडीतून उठवून आणलं. त्यांनी पोटावर हात ठेवून दाबलं आणि हात चटकन उचलला तेव्हा द्वारकाबाई पहिल्यांदा ओरडली. आतला टाका सुटून आतड्यातली घाण पोटात झिरपत होती. दुखण्याच्या औषधाने तिचं दुखणं झाकलं होतं, ताप अजून यायचा होता, रक्तदाब अजून उतरायचा होता. तोवर शरीर एकाच वाटेने ओरडत होतं. साडेबाराला ती ऑपरेशन थिएटरात होती.

दीडला डॉक्टर मास्क गळ्यात घेऊन बाहेर आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “खैरनार सिस्टर, मानलं तुम्हाला! वॉर्डात गेली असती तर संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता आणि मग हाती काही उरलं नसतं. एका तासात पेशंट बिघडला आणि तुम्ही ट्रॉलीवरून परत घेतलात. नजर असावी तर अशी.”

“थँक यू, सर,” मी म्हटलं.

हो, असंच म्हटलं. यमुना तीन हातांवर उभी होती. मला वाटलं, आतून जळत असेल पोरगी. मी तिच्या जागी असते तर जागच्या जागी सगळं उघडं पाडलं असतं.

सव्वादोनला मेट्रनचं बोलावणं आलं, दोघींना. शिरसाठ मेट्रन हॉस्पिटलच्याही मुख्य होत्या आणि नर्सिंग शाळेच्याही. डॉ. गुजराथी तक्रार करून विसरून गेले होते. शिरसाठ मेट्रन विसरणाऱ्यांतल्या नव्हत्या. उंच, किरकोळ बाई, पांढऱ्या साडीची निरी कधी हललेली मी बघितली नाही. टेबलावर द्वारकाबाईंचा कागद होता.

“बसा,” त्या मला म्हणाल्या. यमुना उभीच राहिली. “नऊ वाजता हिने चौतीस लिहिलं. तुम्ही ते रद्द करून वीस केलंत. दहाला वीस. अकराला तुम्हीच अडतीस मोजलंत. डॉक्टर म्हणतात, मधल्या तासात अचानक बिघडलं. तसं होतं कधीकधी. तसं असेल तर हिची नोंद खोटी, आणि मला हिचं पोस्टिंग नापास करावं लागेल. खैरनार, तसं आहे का?”

मला फक्त मान हलवायची होती. डॉक्टरांनी मला गोष्ट तयार करून दिली होती. पेशंट वाचला होता, माझी वाहवा झाली होती आणि समोर एक मुलगी होती, जिचा शब्द माझ्या शब्दापुढे टिकला नसता. अकरा वर्षांचं नाव होतं ते. मी त्याच्यासाठी दिवाळ्या ड्यूटीवर काढल्या होत्या.

मी गप्प बसलेली बघून यमुनाच बोलली.

“मॅडम, नऊला माझंच चुकलं असेल. सिस्टरनी मोजलं म्हणून त्या मावशी वाचल्या. माझ्या बोलण्यावर ट्रॉली थांबली नसती.”

ती हे टोमणा म्हणून बोलली असती तर मी कदाचित मान हलवली असती. पण तिने ते मनापासून म्हटलं. माझ्याकडे बघून, त्याच नजरेने, पंधरा दिवस बघत होती तशी. मला कुणी तोंडात मारली असती तर बरं वाटलं असतं.

“मी मोजलं नव्हतं,” मी म्हटलं.

“काय?”

“नऊला नाही, दहाला नाही. मी मोजलंच नव्हतं, मॅडम. हिने मोजलं होतं. मी न मोजता तिचं खोडलं. अकराला मोजलं ते पेशंटसाठी नाही, हिची जिरवायला मोजलं. चौतीस खरे होते. ट्रॉली हिने थांबवली.”

मेट्रननी चष्मा काढून पदराने पुसला.

“किती वर्षं, खैरनार?”

“मॅडम?”

“किती वर्षं मोजलं नाहीत?”

“अकरा,” मी म्हटलं आणि मला रडू फुटलं.

त्यांनी मला रडू दिलं. पाणी दिलं नाही, समजूत घातली नाही. मग यमुनाच्या पोस्टिंगच्या कागदावर काहीतरी लिहून शिक्का मारला आणि म्हणाल्या, “भोये, तू पास आहेस. डॉक्टरांना मी सांगते, तू चिंता करू नकोस.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “मेमो मिळेल. आणि सोमवारपासून महिनाभर आयसीयूत पाऊल टाकायचं नाही. शाळेत जायचं. पहिल्या वर्षाच्या मुलींना श्वास मोजायला शिकवायचं. दुसरं काहीही नाही.”

त्यापेक्षा त्यांनी मला महिनाभर पेशंटची शौचाची भांडी उचलायला लावली असती तरी चाललं असतं. आमच्यात शाळेत कोण जायचं? ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना रात्रपाळी झेपत नाही, त्या. आयसीयूची वाघीण शाळेत म्हणजे उभ्या हॉस्पिटलला हसायला विषय. पण त्या बाईंबद्दल मला तेव्हाही राग आला नाही. निम्मं हॉस्पिटल वीस लिहितं हे त्यांना माहीत होतं. दुसरी कुणी असती तर तो कागद फाइलीत दाबून मोकळी झाली असती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सगळ्या वॉर्डांत हुकूम काढला आणि स्वतः घड्याळ घेऊन फिरल्या.

द्वारकाबाई एकोणिसाव्या दिवशी घरी गेली. आमच्या वाट्याला द्राक्षांची पेटी आली, ती अर्थात डॉ. गुजराथींच्या नावाने. यमुना त्या वर्षी जिल्ह्यात तिसरी आली. माझा महिना संपल्यावर मेट्रन म्हणाल्या, शिक्षा संपली, या परत वर. मी गेले नाही. पुढे रीतसर शिकले, परीक्षा दिल्या, आणि आज बावीस वर्षं मी आयसीयूत येणाऱ्या नव्या नर्सना शिकवते. का सोडलंत आयसीयू, असं कुणी विचारलं तर मी आवड म्हणून सांगते. ते तसं खोटं नाही. पण शिक्षा एका महिन्याची होती, आणि पुढची बावीस वर्षं मेट्रनमुळे नाहीत. ती त्याच दुपारी त्यांच्या खोलीबाहेरच्या जिन्यावर ठरली.

आम्ही दोघी खाली उतरत होतो. मी पुढे, ती मागे. मला तिच्याशी नजर मिळवायची नव्हती.

“सिस्टर, एक विचारू?”

“विचार.” म्हटलं, आता ही सुनावणार. सुनावू दे, हक्क आहे तिचा.

“अकरा वर्षं मोजलं नाही, म्हणालात. मग आकडे नुसतं बघून ओळखायच्या का?”

“तेही नाही.”

“एकही?”

“एकही नाही, यमुना.”

ती पायरीवर थांबली. ॲप्रनच्या खिशातून तिने तळहाताएवढी वही काढली आणि माझ्यापुढे धरली. प्रत्येक पानावर तारीख, बेडचा नंबर आणि दोन रकाने होते. एकावर लिहिलं होतं ‘माझे’, दुसऱ्यावर ‘सिस्टरचे’. तिच्या रकान्यात सोळा, चोवीस, अठरा, सव्वीस, चौदा. माझ्या रकान्यात वीस, वीस, वीस. पानाच्या तळाशी बारीक अक्षरात, एकेका दिवशी एकेक ओळ होती. ‘आज पण चुकले.’ ‘परत चुकले, नीट बघायचे.’ ‘सव्वीसच्या जागी वीस हवे होते, कुठे चुकते कळत नाही.’

“हे काय आहे?” मी विचारलं.

“तुम्ही न मोजता लिहायच्या ना. मला वाटायचं, तुम्ही नुसतं बघून ओळखता. मला पण तसं यावं म्हणून मी रोज मोजून तुमच्याशी ताडून बघायची. कधीच जुळलं नाही.”

“आणि स्वतः चार्ट भरताना काय लिहायचीस?”

“वीस. तुमचं बरोबर असणार ना.”

“मग आज का नाही लिहिलंस?”

“आज फरक लईच होता, सिस्टर. म्हटलं, एवढं तर माझं चुकणार नाही.”

मी कठड्याला धरून खाली बसले. पंधरा दिवस ही पोर माझ्यासमोर उभी राहून शिकत होती. मी तिला एक अक्षर शिकवलं नाही असं समजत होते, आणि मी तिला रोज शिकवत होते. स्वतःचे डोळे खोटे आहेत, हे मी तिला शिकवत होते. तिच्या जागी दुसरी कुणी असती तर शिकलीही असती. मी नव्हते का शिकले?

यमुना माझ्याजवळ वाकली आणि वहीत बोट घालून पहिल्या पानापासून एकेक आकडा बघत गेली. सोळा. चोवीस. अठरा. तिच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. शेवटच्या पानाशी येऊन तिने वर बघितलं, आणि त्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल रागाचा लवलेश नव्हता. पहिला नंबर आल्यासारखा तो चेहरा फुलला होता.

“म्हणजे, सिस्टर,” ती म्हणाली, “मला पहिल्या दिवसापासून येत होतं?”